उपकेंद्र माणसं मोजून नको, चालायला लागणारा वेळ मोजून द्या: आरोग्यमंत्र्यांना एका सेविकेचं खुलं पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच
माननीय अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार

विषय: सातपुड्यातल्या पाड्यांसाठी आरोग्य उपकेंद्राचा निकष बदलण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. नोकरीचा बहुतेक काळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे सगळे ज्याला धडगाव म्हणतात त्या भागात गेला. उपकेंद्र, लसीची पेटी, रजिस्टरं आणि डोंगर एवढंच माझं जग होतं. त्या जगाबद्दल जे ठामपणे ठाऊक आहे तेवढंच इथे लिहिते. मागणी आधीच सांगून टाकते. दुर्गम भागात उपकेंद्र कुठे हवं हे माणसं मोजून ठरवणं थांबवा. आजारी माणसाला तिथवर चालत पोचायला किती वेळ लागतो यावरून ठरवा. आणि त्या उपकेंद्रात रात्री कुणीतरी मुक्कामाला राहू शकेल अशी सोय करा. पुढे जे लिहिलं आहे ते या मागणीसाठीच आहे.

आजचा निकष आपल्याला माहीत आहे. मैदानी भागात 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 ला एक. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानात 30,000 ला, आमच्याकडे 20,000 ला. आकडा कमी केला म्हणजे आदिवासींना झुकतं माप दिलं, असं मुंबईत बसून वाटणं साहजिक आहे. पण पावरा आणि भिल्ल वस्तीचं गाव कसं असतं ते एकदा पाहायला हवं. मध्ये चावडी, मंदिर आणि भोवती गल्ल्या असं ते नसतं. ज्याचं शेत जिथं, त्याचं घर तिथं. डोंगराच्या एका सोंडेवर चार-पाच घरं, मध्ये खोल नाला, पलीकडच्या सोंडेवर आणखी काही घरं. अशा घरांचा मिळून एक पाडा आणि असे कितीतरी पाडे मिळून एक महसुली गाव. एकाच गावाच्या या टोकाच्या पाड्यावरून त्या टोकाच्या पाड्यावर जाऊन यायचं तर दिवस मोडतो. 3,000 चा आकडा भरण्यासाठी अशी गावं एकत्र करावी लागतात. नकाशावर रेघ मारली तर उपकेंद्र पाच किलोमीटरवर दिसतं. ती रेघ नाल्यात उतरत नाही, चढ चढत नाही, आणि श्रावणात नाल्याला पाणी आलं म्हणून काठावर खोळंबून राहत नाही.

म्हणून आढावा बैठकीत 'निकषाप्रमाणे उपकेंद्रं मंजूर आहेत' असं उत्तर येतं, आणि ते उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. मोजायची ती गोष्टच आपण मोजत नाही.

मी जगावेगळं काही मागते आहे असंही नाही. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या अहवालांत लोकसंख्येच्या निकषाशेजारी आणखी एक निकष छापलेला असतो. निवडक डोंगराळ आणि वाळवंटी जिल्ह्यांत वस्तीपासून चालत 30 मिनिटांच्या आत उपकेंद्र असावं, असा तो आहे. हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी डोंगरातलं आजारपण जवळून पाहिलं असणार. मग अक्राणी, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, भामरागड, एटापल्ली या तालुक्यांना तो सरसकट का लागू करू नये? डोंगर कमी पडतात का इथे?

वेळच का मोजायचा, तेही सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाई साधारण दोन तासांत हातची जाऊ शकते, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मण्यार चावली तर बहुतेक वेळा सूज नसते, फारशी जखमही दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. जुलाब लागलेलं वर्षाचं पोर सकाळी खेळत असतं आणि संध्याकाळी टाळू खोल जाते. न्यूमोनियाच्या बाळाच्या छातीत खळगा पडायला लागला की रात्र काढायची नसते. या प्रत्येक दुखण्यावर औषध आहे, आणि त्यातल्या बहुतेकांवरचे पहिले उपचार उपकेंद्राच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातले आहेत. गर्भाशय आकुंचन पावण्याचं इंजेक्शन, सलाइन, क्षारसंजीवनीची पाकिटं, अमॉक्सिसिलिन, सर्पदंशावरची लस. हे काही मोठ्या शहराच्या रुग्णालयातलं अवघड शास्त्र नाही. ते वेळेत अंगाला लागायला हवं, एवढंच.

झोळीचं छायाचित्र आपण वर्तमानपत्रात पाहिलं असेल. छायाचित्रात जे दिसत नाही ते लिहिते. चादर किंवा घोंगडी बांबूला दोन टोकांनी बांधतात. बाईला आत घेतलं की ती मध्यभागी खचते. पाठ वाकते, गुडघे पोटाकडे येतात, हनुवटी छातीला टेकते. गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजवा, असं आम्ही प्रत्येक तपासणीत सांगतो, कारण उताणं निजलं की पोटाच्या भाराने आतली मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. झोळीत कूस बदलताच येत नाही. उतारावर झोळी बांबूवरून पुढे सरकते, म्हणून मागचा माणूस एका हाताने ती धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने तोल सांभाळतो. खांदा बदलायला थांबले की बाईला खाली ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात खाली चिखलच असतो. सोबतची सासू किंवा जाऊ मधूनमधून चादरीखाली हात घालून बघते. हात ओला आला तर कुणी काही बोलत नाही, पावलं तेवढी भराभर पडायला लागतात. अंगावरून किती गेलं याचा अंदाज कुणालाच येत नाही, कारण ते सगळं चादरीत मुरतं. सडकेवर पोचल्यावर गाडीतला डॉक्टर विचारतो, 'रक्त किती गेलं?' त्याला काय सांगायचं?

झोळी वाहणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. आपलं काम टाकून, मजुरी बुडवून, अंधारात दुसऱ्याच्या बाईला खांद्यावर घेऊन निघणारी ही माणसं आहेत. त्यांच्या खांद्यांवर कितीतरी जीव वाचले. पण राज्याने आपली आरोग्यव्यवस्था शेजाऱ्यांच्या खांद्यावर किती दिवस टाकायची?

'रस्ते होत आहेत, झाले की प्रश्न सुटेल', हे मी प्रत्येक दौऱ्यात ऐकलं. रस्ते झाले आहेत, नाही असं म्हणणार नाही. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली तिचा आम्हाला फार आधार वाटला. पण ती सडकेपर्यंत येते, पाड्यापर्यंत नाही. शिवाय फोन लावायला रेंज हवी, आणि रेंज एखाद्या टेकडीच्या माथ्यावर मिळते. कळा सुरू झालेली बाई घरी, नवरा रेंजच्या शोधात टेकडीवर, आणि गाडी घाटापलीकडे, असं होतं. घाटाचं म्हणाल तर सप्टेंबर 2021 आठवा. चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक नवरा चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. बातमी राज्यभर गाजली. दरडी त्याआधीही कोसळत होत्या, पुढेही कोसळतील, कारण सातपुड्याचा पाऊस तसाच आहे. रस्ता हवाच. पण ज्या दिवशी रस्ता बंद असतो त्या दिवशीही बाया बाळंत होतात, आणि त्या दिवसासाठी घाटाच्या अलीकडे, पाड्याच्या जवळ कुणीतरी असायला हवं.

आता मुक्कामाचं. सेविकेने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहावं असा नियम आहे. ती राहते असा ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय घरभाडे भत्ता देऊ नये, असंही ठरवलं गेलं. नियमामागचा हेतू मला पटतो. पण राहायचं कुठे? मी एका उपकेंद्रात होते तिथल्या निवासाच्या खोलीचं छप्पर पहिल्याच पावसात गळायला लागलं. लसीचं साहित्य, रजिस्टरं आणि माझं अंथरूण सगळं एका कोरड्या कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. पाणी नाल्याच्या काठच्या झऱ्यावरून आणायचं. संडासाला दार नव्हतं. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे, मग बाळंतपण मोबाइलच्या उजेडात, एकीने मोबाइल धरायचा आणि दुसरीने बाळ. रात्री कुणी दार वाजवलं तर ते पेशंटचे लोक आहेत की दारू पिऊन आलेलं कुणी, हे दार उघडल्याशिवाय कळायचं नाही. एकटी बाई असताना ते दार उघडायला किती धीर लागतो हे भत्त्याचा नियम करणाऱ्यांनी विचारात घ्यावं. अशा ठिकाणी सेविका राहत नाही म्हणून तिच्यावर कारवाई करायची, तिने मग ठराव कसाबसा मिळवायचा आणि तालुक्याच्या गावी खोली घ्यायची. कागद दोन्हीकडे बरोबर असतो आणि उपकेंद्राला संध्याकाळी कुलूप लागतं.

दोन पक्क्या खोल्या, गळणार नाही असं छप्पर, सौरऊर्जेवर चालणारा दिवा आणि पंखा, नळाचं पाणी, दार असलेला संडास, आतून नीट लागणारी कडी. आणि एकीऐवजी दोन सेविका, म्हणजे एक लसीकरणाला डोंगर चढली तरी दुसरी जागेवर असेल आणि रात्री दोघी एकमेकींना सोबत असतील. बाळंतपणं होणाऱ्या उपकेंद्रात दोन सेविका असाव्यात हे सरकारच्याच मानकांत आहे. 2018 नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, हे चांगलं झालं. पण तेही कंत्राटी, आणि त्यांच्याही राहण्याचा विचार इमारतीला रंग देताना झाला नाही. बाहेरून आयुष्मान आरोग्य मंदिराचा फलक आणि आत मोरीत पाणी नाही, असं मी पाहिलं आहे. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकाच्या डॉक्टरांचीही हीच गत. वर्षानुवर्षं मानधनावर काम करणारा माणूस मुलांच्या शाळेचा, आईबापांच्या म्हातारपणाचा विचार करणारच, आणि संधी मिळाली की जाणारच.

वैद्यकीय माणूस गावात राहिला की काय घडतं, याचे दाखले महाराष्ट्राला परके नाहीत. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. विंचू चावलेले रोगी रात्री-बेरात्री यायचे आणि शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे. हे डॉक्टर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय टिपत राहिले, आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या घरात आलं. हे संशोधन एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री जागून झालं. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. या तिन्ही ठिकाणी उपचार करणारं माणूस रोग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि रात्रीही होतं.

लोक दवाखान्यात येत नाहीत, बडव्याकडे, म्हणजे पाड्यातल्या मांत्रिकाकडे, जातात, अशी तक्रार नेहमी होते. बडवा पाड्यात राहतो. रात्री दोन वाजता हाक मारली तरी उठतो, आपल्या भाषेत बोलतो, घरच्यांना धीर देतो, आणि 'आधार कार्ड आणलं का' असं विचारत नाही. त्याच्या मंत्राने न्यूमोनिया बरा होत नाही, आणि त्यात वेळ गेल्याने मुलं दगावलेली मी पाहिली आहेत. तरीही लोक आधी त्याच्याकडे जातात कारण तो असतो. आमच्या पट्ट्यातल्या एका म्हाताऱ्या बडव्याशी मी ओळख वाढवली. त्याच्या घरी जाऊन बसायचे, त्याच्या नातवाला ताप आला तेव्हा रक्त तपासून हिवतापाच्या गोळ्या दिल्या. पुढे तो स्वतः सांगायला लागला, 'मी माझं करतो, पण पोराला धाप आहे, तू सिस्टरकडे ने.' हे बोलणं मी तिथे राहत होते म्हणून होऊ शकलं. महिन्यातून एकदा गाडीतून उतरून भाषण करणाऱ्याला ते जमणार नाही.

घरच्या बाळंतपणांबद्दलही मोकळेपणाने लिहिते. संस्थेतली प्रसूती वाढावी हे बरोबरच आहे. पण घरी झालेलं बाळंतपण म्हणजे सेविकेचा गुन्हा, असा सूर बैठकीत लागला की काय होतं? घरचं बाळंतपण रजिस्टरात वाटेतलं होतं, नाहीतर नोंदच होत नाही. मग त्या बाईकडे पहिल्या दिवशी कुणी जात नाही आणि त्या बाळाचं वजन कुणी करत नाही. जिथून कुठल्याही उपायाने वेळेत पोचता येत नाही, तिथल्या बाईला आठव्या-नवव्या महिन्यात रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या आधीच समजावून देता येतात. बाळ बाहेर आल्यावर लगेच घ्यायच्या, आत दुसरं बाळ नाही याची खात्री करून. दुर्गम भागांसाठी याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनेच काढलेल्या आहेत. त्या पाड्यापर्यंत पोचवा. आणि माहेरघर योजनेला खरं माहेर करा. बाई आठवडाभर आधी आरोग्य केंद्रात येऊन राहायला तयार असते, पण तिची दोन लहान लेकरं कुठे ठेवायची? गाईगुरांना पाणी कोण दाखवणार? लेकरांसकट राहता येईल, सोबतीच्या बाईला चूल मांडून भाकरी थापता येईल, बुडालेली मजुरी ती घरी जाण्याआधी हातात पडेल, एवढं झालं तर खोल्या रिकाम्या राहणार नाहीत.

कुपोषणाचंही असंच आहे. दिवाळी झाली की पाडे ओस पडायला लागतात. माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, शेतमजुरीला गुजरातेत जातात आणि काठीच्या होळीच्या आसपास परत येतात. जाताना जे मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ठीक असतं ते परत येतं तेव्हा दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर लाल रंगात असतं. मधल्या महिन्यांच्या लसी राहून गेलेल्या असतात आणि कार्ड कुठल्याशा झोपडीत हरवलेलं असतं. मग आपण आईला सांगतो, चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात राहा. तिथेही तोच प्रश्न. होळीनंतर पेरणीपूर्व मशागत, घरी आणखी तीन मुलं, आणि केंद्र घाटाखाली. तेच काम पाड्याशेजारच्या उपकेंद्रात, रोज सकाळ-संध्याकाळ आईच्या येण्याजाण्यावर बऱ्याच मुलांच्या बाबतीत करता येतं. ज्या मुलाला ताप, सूज किंवा दुसरा आजार आहे तेवढंच पुढे पाठवायचं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल थोडक्यात. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या झाल्या, कार्डं वाटली. कार्ड मिळालेल्या पोराला दर महिन्याला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या हव्यात आणि हाडं दुखायला लागली की त्याच रात्री वेदनाशामक आणि सलाइन हवं. तपासणीच्या शिबिरात गाड्या येतात, दुखण्याच्या रात्री येत नाहीत.

आणि नर्मदेचा काठ. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं आली. देशाला पाणी आणि वीज मिळावी म्हणून या माणसांनी काठची काळी जमीन दिली आणि वर डोंगरावर सरकली. त्यांच्यासाठी तरंगते दवाखाने सुरू झाले, कल्पना चांगली होती. पण बोट पाण्यावर चालते आणि पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून चालत बोटीपर्यंत जावं लागतं, पावसाळ्यात वाऱ्यापुढे बोट सोडता येत नाही. बोट ठेवा, तिचं इंजिन नीट ठेवा. सोबत काठावरच्या पाड्यांत मुक्कामाचं उपकेंद्र द्या. या लोकांचं आपण देणं लागतो.

सेविका कोण असावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. पाड्यातली मुलगी. मला पावरी बोलायला यायला लागली तेव्हाच बाया मला अंगावर पांढरं जातं, लघवीला जळजळतं असलं सांगायला लागल्या. तोवर सगळ्यांचं एकच, 'डोकं दुखतं'. धडगाव-मोलगीच्या आश्रमशाळांतून बारावी झालेल्या कितीतरी मुली घरी बसल्या आहेत किंवा ऊसतोडीला गेल्या आहेत. दोन वर्षांचं सहायक परिचारिकेचं प्रशिक्षण त्यांना जिल्ह्यातच, शिष्यवृत्तीसह आणि आपल्याच पट्ट्यात नेमणुकीच्या हमीसह द्या. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या आंतरवासितेचे काही आठवडे या पाड्यांत जाऊ द्या. त्यांना शिकायला मिळेल आणि आमच्या मुलींना शिकवणारं कुणी मिळेल.

पैशाचं काय, असं विचारलं जाईल. विरळ वस्तीसाठी एवढी उपकेंद्रं परवडत नाहीत, असं मला एका अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलंही होतं. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेळेत उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला या जबाबदारीतून सुटता येणार नाही. त्याच वर्षी आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला. पुढे आपल्या राज्याने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायला सुरुवात केली, आणि आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. खोल्यांच्या बांधकामात ग्रामसभा वाटा उचलतील. जागा देतील, दगड-माती देतील, श्रमदान करतील, हे मी त्यांना ओळखते म्हणून खात्रीने सांगते. पगार, औषधं आणि माणसं मात्र शासनानेच द्यायची आहेत. आणि हा जिल्हा मनावर घेतलं तर काय करू शकतो हे 2021 मध्ये देशाने पाहिलं. मोठी शहरं प्राणवायूसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारने आपले प्रकल्प आधीच उभारून ठेवले होते.

पहिलं पाऊल खर्चाचं नाहीच. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्याचा चालण्याचा वेळ मोजून घ्या. हे काम बाहेरच्या कंपनीला देऊ नका. पाड्यातली आशा आणि नवव्या महिन्यातल्या बाईच्या चालीने चालणारी एखादी बाई, दोघी पाड्यावरून जवळच्या उपकेंद्रापर्यंत चालतील आणि वेळ लिहून घेतील. तोच वेळ पुन्हा श्रावणात, नाल्याला पाणी असताना मोजायचा. पुढचं वाहून नेण्याचं साधन सडकेला कुठे आणि किती वेळाने मिळतं तेही सोबत लिहायचं. ग्रामसभेत वाचून दाखवायचं, सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं, सही-अंगठे घ्यायचे. ज्या पाड्यांचा वेळ अर्ध्या तासाच्या वर भरेल त्यांची यादी जिल्हा परिषदेने आपल्याकडे पाठवायची आणि सर्वांत लांबच्या पाड्यांपासून नव्या उपकेंद्रांना मंजुरी द्यायला सुरुवात करायची. इमारत होईपर्यंत भाड्याच्या घरात सेविका बसवा, पाड्यात असं घर द्यायला लोक तयार होतात. प्रत्येक पाड्याला दुमडता येणारं, अंग सरळ ठेवणारं एक स्ट्रेचर लगेच द्या, म्हणजे तोवर तरी बाईला चादरीत खचून जावं लागणार नाही.

एक विनंती आणखी. या पत्राचं उत्तर मला नको. ते अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ग्रामसभांना पाठवा. कुठल्या पाड्याची मोजणी कधी होणार आणि ती कुणाच्या जबाबदारीवर, हे तारखेसह त्यात असावं. पावरी आणि भिलीत ते वाचून दाखवायचं काम आम्ही निवृत्त सेविका आणि आशाताई मिळून करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार